कडीचं गाऱ्हाणं

योगिनीबाई रत्नागिरीहून प्रशिक्षण घेऊन आल्या त्या पिशवीभर कागदी चेहरे घेऊनच. हसरा, रडका, रागीट, घाबरलेला. मुलांना भावना शिकवा, शाळा सुरक्षित होते, असा वरून हुकूम. वरून काय, वाट्टेल ते येतं. मुलींच्या संडासाला बाहेरून कडी कशाला, हे मात्र वरून कुणी विचारलं नव्हतं.

ती कडी चौथीतला दर्शन लावायचा. त्याच्याच वर्गातली सानवी आत, हा बाहेर, फिदीफिदी. बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की सानवी शाळेत पाण्याचा घोट घेत नाही. तिची आई मथुरा कालच बजावून गेली होती, "पोरीला लघवीला जळजळतंय. असंच चाललं तर नाय पाठवायची मी शाळेत."

बाईंनी टेबलावर चेहरे मांडले. "ज्याला जसं वाटतंय तसा चेहरा उचला."

हसऱ्यासाठी झोंबाझोंबी झाली. सानवीनेही हसराच ओढला. रामाने विचारलं, "बाई, बरोबर उत्तर हेच ना?"

बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, मग मनातलं सांगता तरी कुणाला?"

"देवाला," राही सानवीकडे बोट दाखवत म्हणाली. "हिचे भागोजी आजोबा शिमग्यात देवापुढे नारळ धरून गावाचं गाऱ्हाणं घालतात. हिला सगळं पाठ आहे."

"मग घाल गो, सानवी," बाई म्हणाल्या.

नारळ नव्हता, म्हणून सानवीने डस्टर धरलं आणि आजोबांसारखा आवाज जाड केला.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," वर्ग गरजला.

"आज ही चौथीची लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत..."

"व्हय म्हाराजा."

"संडासाला बाहेरून कडी घालून मला कोंडतो तो दर्शन..."

"व्हय म्हाराजा." सगळ्यात मोठा आवाज दर्शनचाच. गाऱ्हाण्याला होकार भरायची जन्मापासूनची सवय, तोंड थांबतंय कुठे. मग त्याने तोंडावर हात दाबला आणि वर्ग खिदळला.

"आत काळोख असतो, भ्या वाटतं, म्हणून मी पाणी पीत नाय. ह्येला अक्कल दे..."

"व्हय म्हाराजा." या वेळी दर्शन पुटपुटला. मग लाल कानांनी उठून त्याने डस्टर मागितलं.

"बा देवा म्हाराजा, मी वाचताना अडकतो तेव्हा सगळ्यात आधी हसते ती सानवी..."

"व्हय म्हाराजा," सानवीलाही म्हणावंच लागलं.

"हसणं वाईटच," बाई म्हणाल्या. "पण कोंडणं त्याच्या कितीतरी पट वाईट. बरोबरी करू नको, दर्शन."

"चुकलं," तो सानवीकडे बघून म्हणाला.

बाई मुख्याध्यापक दीपक सरांकडे पेचकस मागायला गेल्या. सर म्हणाले, "कडी काढायची तर आधी वरून परवानगी..."

"सर, तुमच्या नावाने घालू का गाऱ्हाणं? पोरं तयार आहेत."

पेचकस लगेच सापडला. बाईंनी स्वतः कडी उपटली, स्क्रू दर्शनच्या हातात दिले.

सानवीने अर्धी बाटली गटागटा संपवली, थोडा वेळ पाय हलवत बसली, मग उठून गेली. आतली कडी लागल्याचा आवाज आला. अख्खा वर्ग कान टवकारून बसलेला.

"काय ऐकताय रे मेल्यांनो," बाई म्हणाल्या, "पुस्तकं काढा."