क्लेम हॅडवेचं औक्षण

आमच्या ह्यांना गाण्यातलं काही कळत नाही. आरतीतसुद्धा टाळी चुकते. पण क्लेम हॅडवेचं नाव निघालं की चंद्रकांतराव वेगळेच. एकोणसत्तरच्या हिवाळ्यात हे इथे कॅनडात, विंडसरच्या मोटार कारखान्यात नवे इंजिनियर. राहायला कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये खोली, बोलायला माणूस नाही, आणि रेडिओवर या क्लेमचं गाणं. एक माणूस आपल्याच घरासमोर ट्रकमध्ये बसून राहतो, आत दिवे लागलेले दिसतात, पण त्याचा पाय उतरत नाही. एवढंच गाणं. मी लग्न होऊन आले तर घरात हा रडका ट्रकवाला आधीच मुक्कामाला.

ते गाणं कंट्री म्युझिकच्या चार्टवर चौथ्या नंबरपर्यंत चढलं. पुढचं तिसाच्या आसपास अडकलं, त्याच्या पुढचं तळाशी जेमतेम आठवडाभर दिसलं, आणि क्लेम संपला. मग त्यानं जन्मभर फर्निचरच्या दुकानाची गाडी चालवली. हे सगळं मी भाजी चिरताना इतक्यांदा ऐकलंय की परीक्षा घेतली तर पहिली येईन. रेकॉर्डवर शेवटच्या ओळीआधी त्यानं घेतलेला श्वास ऐकू येतो. तिथे हे बोट वर करायचे. "ऐक आता." मी ऐकायचे. श्वासच तो, आपण सगळेच घेतो. "हा एकदा समोर बसून ऐकायचाय," हे म्हणायचे. माझ्या नवऱ्यानं आयुष्यात स्वतःसाठी दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

दोन हजार सोळात ह्यांची पंच्याहत्तरी आली, आणि तेव्हाच कळलं की क्लेम लेमिंग्टनच्या नर्सिंग होममध्ये आहे. म्हणजे आमच्यापासून कारने पाऊण तास. फुफ्फुसं गेलेली, नाकात ऑक्सिजनची नळी. त्याची मुलगी डॉना फोनवर सरळच म्हणाली, एक गाणं होईल, जास्त नाही. आणि पुढच्या वर्षी विचारू नका, तेव्हा तेही होणार नाही.

नोव्हेंबरातला रविवार. घर माणसांनी भरलेलं, दाराशी बुटांचा ढीग, थंडी म्हणून खिडक्या बंद. स्मोक अलार्मला मी शॉवर कॅप घातली, कारण माझ्या जाऊबाई, जयंतीवहिनी, यांनी कणकेचे पंच्याहत्तर दिवे केले होते. क्लेम इस्त्रीचा शर्ट घालून आला, मोत्याच्या बटणांचा. डॉनानं गिटार धरली होती.

"आधी औक्षण, मग गाणंबिणं," वहिनींनी जाहीर केलं.

"मी एकटा कसा ओवाळून घेऊ?" हे म्हणाले. "तोही पंच्याहत्तरचाच आहे. दोघांना ओवाळा."

"अहो, गाणं आधी होऊ दे ना. त्याची कंडिशन बघताय ना?"

"सुरेखा, त्याला आयुष्यात कुणी ओवाळलं असेल का?"

मी ह्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची मांडली.

ऑक्सिजनजवळ आग चालत नाही. डॉनानं नळी काढली, सिलिंडर बंद करून आतल्या बेडरूममध्ये नेला. "फाइव्ह मिनिट्स, नो मोअर," ती बजावून म्हणाली. पण आपल्याकडचं औक्षण ते. वहिनी झाल्या, मग बाकीच्या चौघी झाल्या. प्रत्येकीचं कुंकू, प्रत्येकीच्या अक्षता, प्रत्येकीचा फोटो. "एक मिनिट हं, परत घेते, डोळे मिटले." तुपाचा धूर छताशी साचायला लागला.

"आजी, क्लेम डझन्ट लुक गुड," नात गौरांगी माझ्या कानाशी म्हणाली. डॉना उठलीच होती. क्लेमनंच हात वर करून तिला थांबवलं. कपाळभर कुंकू, ओठ निळसर, आणि चेहऱ्यावर असं हसू की मला बघवेना. त्याच्यासमोर माणसांची रांग लागून किती वर्षं झाली असतील.

शेवटी दिवे हलवले, नळी लागली, गिटार मांडीवर आली. फक्त शेवटचं कडवं म्हणतो, असं तो पुटपुटला. तारा छेडल्या. बोटं अजून चांगली होती. मग त्यानं श्वास घेतला. तोच, रेकॉर्डवरचा. ह्यांचं बोट आपोआप वर गेलं.

त्यानंतर काही आलं नाही. त्यानं पुन्हा श्वास घेतला, पुन्हा नुसती हवाच आली. तिसऱ्यांदा खोकला आला तो थांबेना. वहिनींना वाटलं गाणं झालं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

त्याला आणि डॉनाला सोडायला हेच गेले. परत आले तेव्हा अंधार पडला होता, पाहुणे जेवत होते. ड्राइव्हवेत गाडी थांबलेली मी खिडकीतून पाहिली, पण दार काही उघडेना. मी अंगावर कोट टाकला आणि जाऊन शेजारच्या सीटवर बसले.

"जाताना त्यानं विचारलं, लोकांना गाणं आवडलं का," हे म्हणाले.

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, फार आवडलं."

समोर आमच्याच घराचे दिवे दिसत होते, आत माणसं हसत होती. मी म्हटलं, "चला आत, तुमचाच वाढदिवस आहे." हे हलले नाहीत. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, मीही हललेली नाही.