खुनासाठी एक फट

माझ्या नव्या कादंबरीतला खून सासऱ्यांनी नामंजूर केला. प्रकाशकाने केला असता तर मी भांडले असते, नवऱ्याने केला असता तर त्याला दोन दिवस जेवायला वाढलं नसतं. सासऱ्यांपुढे काय बोलणार? आणि चूक माझीच. गोष्ट युद्धाच्या दिवसांतली, तो काळ डोळ्यांनी पाहिलेला माणूस घरातच बसलेला. मग जरा ऐकून सांगा बाबा, काही चुकतंय का, असं मीच म्हणाले. सुखातला जीव दुःखात घालणं म्हणतात ते हेच.

बाबांना आता बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी वाचायची, समोर बाबा ऐकायचे आणि बाजूला सासूबाई मटार सोलत बसायच्या. सासूबाईंना खूनबिन आवडत नाहीत. त्या ऐकत नाहीत असं आम्ही सगळेच धरून चालतो.

खून असा होता. शहरात ब्लॅकआउट, खिडक्यांना काळे कागद, रस्त्यावर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. भोंगा वाजतो आणि आमच्याच गल्लीत, कोपऱ्यावरच्या घड्याळजीला कुणीतरी त्याच्या दुकानात मारून टाकतं. खुनी पळतो. पण एका खिडकीचा कागद कोपऱ्यात जरासा सुटलेला असतो. त्या फटीतून उजेडाची तिरीप रस्त्यावर पडते आणि खिडकीआडच्या बाईला पळणाऱ्याचे बूट दिसतात. एका बुटाची नाडी काळी, दुसऱ्याची पांढरी. पुढची दोनशे पानं माझा इन्स्पेक्टर त्या पांढऱ्या नाडीच्या मागे फिरतो.

"फट कुठून आली?" बाबांनी विचारलं.

"कागद सुटला होता."

"आपल्या गल्लीत?"

"हो."

"शक्य नाही."

युद्धात बाबा या गल्लीचे वॉर्डन होते, ब्लॅकआउट पाळला जातो की नाही ते बघणारे. डोक्यावर लोखंडी टोपी, दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी. कुणी विडीला काडी ओढली तरी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. लढाई संपेपर्यंत त्यांच्या गल्लीतून उजेडाचा कणसुद्धा बाहेर पडला नाही, ही हकिकत आमच्याकडे पाहुण्यांना चहाच्या आधी मिळते. चहा नाही मिळाला तरी ती मिळतेच.

"अहो बाबा, फट नसेल तर बूट दिसणार नाहीत. बूट दिसले नाहीत तर खुनी सापडणार नाही."

"मग नाही सापडला. युद्धात कितीतरी नाही सापडले."

माझ्या डोक्यात सणक गेली. माझी मागची दोन पुस्तकं सपशेल आपटली होती. हेही आपटलं तर पुढचं आणू नका, असं प्रकाशकाने गोड हसून सांगितलं होतं. महिनाअखेरीला बाड द्यायचं होतं आणि घोडं एका कागदाच्या कोपऱ्यावर अडलं होतं. आमचे हे चष्मे विकतात, त्यामुळे सगळं आपल्यालाच स्पष्ट दिसतं असा त्यांचा समज. ते म्हणाले, "खून दिवसा कर ना." यांना काही विचारायचं नाही म्हणून मी पुन्हा एकदा कानाला खडा लावला.

शेवटी मी खून उचलला आणि मागच्या गल्लीत नेऊन टाकला.

बाबांची कळी अशी खुलली म्हणता! मागच्या गल्लीचा वॉर्डन होता एक शिंपी. तो बिचारा जाऊन जमाना झाला, पण बाबांचं त्याच्याशी भांडण अजून ठणठणीत आहे. "त्याच्याकडे फटीच फटी," बाबा म्हणाले. "वर विमानात बसून पेपर वाचता आला असता." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, तसंच गल्ल्यांचंही. मग ते आपणहून सांगायला लागले. टोपीच्या पट्ट्याने कान कसे सोलवटायचे, अंधारात लोक ठेचकाळू नयेत म्हणून फुटपाथच्या कडा पांढऱ्या कशा रंगवल्या होत्या. मी भराभर लिहून घेत होते. अशी माहिती कुठल्या पुस्तकात मिळते?

पुढचं प्रकरण वाचलं आणि सगळं बिनसलं. त्यात घड्याळजीच्या दाराशी गर्दी जमते, इन्स्पेक्टर त्या गल्लीच्या वॉर्डनला बाजूला घेऊन सल्ला विचारतो, आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डनचा फोटो पेपरात येतो. बाबा ऐकता ऐकता उठून आत गेले. जेवताना भूक नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी ऐकायलाही आले नाहीत.

"तू शिंप्याचा फोटो छापलास?" नवऱ्याने कपाळाला हात लावला. मग मला कळलं. युद्धात विमानाचा एक तुकडा खरंच मागच्या गल्लीत पडला होता, कुणाच्या तरी पाण्याच्या टाकीवर. त्या तुकड्याशेजारी उभ्या असलेल्या शिंप्याचा फोटो पेपरात आला होता. आमच्या गल्लीत काही म्हणजे काही पडलं नाही. बाबा लढाईभर शिट्टी गळ्यात घालून उभे राहिले आणि त्यांना कुणी हिंग लावून विचारलं नाही. मला फार वाईट वाटलं. म्हाताऱ्याच्या जखमेवर मी प्रकरणभर मीठ चोळलं होतं.

तिसऱ्या दिवशी बाबा स्वतःच टेबलाशी येऊन बसले.

"तो खून परत आण," ते म्हणाले.

"आपल्या गल्लीत?"

"घड्याळजी आपला होता. शिंप्याला एक तुकडा मिळाला तेवढा पुरे."

"आणते. आणि फट?"

"फट नाही."

"मग खूनही नाही, बाबा. मला पुस्तक पुरं करायचंय."

"कर की. माझ्या गल्लीची अब्रू घालवून नको करूस. आयुष्यात एवढं एकच काम मी चोख केलंय, सूनबाई."

मी नुसतीच कागद चाळत बसले. पुस्तक जाणार हे मला दिसत होतं, पण त्यांच्याकडे बघून जोर करवेना.

सासूबाईंनी शेंग मोडली, दाणे भांड्यात सोडले. "आपल्या खिडकीला लाव," त्या म्हणाल्या.

"काय लावू?"

"फट. आपल्याच खिडकीला होती. कागदाचा खालचा कोपरा उचलून मी बाहेर बघायचे."

मला वाटलं, झालं, आता घरात लढाई. मी हळूच विचारलं, "काय बघायचात, आई?"

"हे परत येतात की नाही ते. भोंगा झाला की ह्यांची टोपी नजरेला पडेपर्यंत जिवात जीव नसायचा माझ्या. ह्यांना ठाऊक नाही."

बाबा टेबलावर सांडलेला मटाराचा एक दाणा बोटाने इकडेतिकडे फिरवत होते.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "कोपऱ्यावरून वळलो की दिसायची."

सासूबाईंचे हात थांबले. "रोज?"

"रोज."

"सगळ्या गल्लीवर खेकसायचात. मग माझ्यावर कधी ओरडला नाहीत ते?"

"ओरडलो असतो," बाबा म्हणाले, "तर तू बंद केली असतीस."