माझ्यावर मारलेला शिक्का

मी एक जुनी कॅसेट आहे, मित्रांनो, आणि आज मला गोड बोलायचं नाही. तुमच्यातल्या निम्म्यांनी माझ्यासारखी कॅसेट हातातही धरली नसेल. तळहाताएवढा प्लॅस्टिकचा डबा, आत दोन चाकं, चाकांवर गुंडाळलेली तपकिरी फीत. त्या फितीवर आवाज राहतो. माझ्याकडे दुसरं काहीच नाही.

कारखान्यातलं मी काही सांगत नाही. तिथं मी कोरी होते आणि कोऱ्या कॅसेटला सांगण्यासारखं काही नसतं. १९९४ च्या एप्रिलमध्ये बीडच्या एका दुकानातून संजयनं मला विकत घेतलं आणि एसटीनं तेलगावला आणलं. अख्ख्या वस्तीत टेपरेकॉर्डर त्याच्या एकट्याकडे होता. बाबासाहेबांच्या जयंतीचा जलसा त्याला भरून ठेवायचा होता.

बुद्धविहारापुढं ट्रॅक्टरची ट्रॉली उभी करून तिचंच स्टेज केलेलं. शाहीर बाहेरगावचे, नावाजलेले. तिसऱ्या गाण्याला त्यांचा घसा बसला. ढोलकीवाला नुसताच वाजवत राहिला. लोक चुळबुळायला लागले. तेव्हा मागं कोरसमध्ये उभी असलेली सिंधुबाई पुढं आली. ऊस तोडून चार दिवसांपूर्वीच परतलेली बाई. हातावर पाचटाचे ओरखडे तसेच होते. तिनं शाहिरांची ओळ उचलली आणि पुढची ओळ जागेवरच रचली, "कोयता ठिव गं दारात, लेकी, पाटी घे हातात." ढोलकी आधी चुकली, मग सावरली, मग तिच्या मागं पळायला लागली. तीच ओळ तिनं पाच वेळा घेतली आणि पाचही वेळा वेगळ्या चालीनं. ते सगळं माझ्यावर उतरलं. त्या संध्याकाळी मी कुणीतरी झाले.

गाणं संपलं. ढोलकीवाला दोऱ्या आवळत बसला. ट्रॉलीखाली सिंधुबाईची तीन वर्षांची पोर रडत होती. माईक चालूच होता. सिंधुबाई वाकली आणि म्हणाली, "आमे, ए आमे, हिकडं बघ. म्या हाय ना हितं. रडू नको, यवढं म्हणते अन् येते." लोक हसले. अकरा सेकंद. मग पुढचं गाणं.

घरी गेल्यावर संजयनं माझ्या डोक्यावरच्या दोन्ही पाकळ्या मोडल्या. त्या मोडल्या की माझ्यावर नवं काही भरता येत नाही. शहाणा माणूस.

त्याच वर्षी दिवाळीनंतर सिंधुबाई तोडीला गेली. उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढताना घसरली आणि तिथंच संपली. तिच्या पोरीला, आम्रपालीला, मावशीनं आष्टीला नेलं. सिंधुबाईचे दोन फोटो निघाले. आवाज फक्त माझ्यापाशी राहिला.

पुढं कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, त्याही गेल्या. संजय म्हातारपणी लेकाकडं पुण्याला निघाला. जाताना त्यानं मला कचरू वाघमारे यांच्या हाती दिलं.

कचरूकाका म्हणजे रिटायर झालेले कंडक्टर. वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगते, नाहीतर तुम्ही त्यांना शिव्या देऊन मोकळे व्हाल. जलशांच्या, गायनपार्ट्यांच्या जुन्या कॅसेटी त्यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या होत्या. कुणी बैलाच्या कासऱ्याला फीत वापरलेली, कुणी पाखरं हाकायला शेतात बांधलेली. काका ती सोडवून आणायचे, पुसायचे, नव्या डब्यात बसवायचे. माझ्या कागदावर संजयनं फक्त शाहिरांचं नाव लिहिलं होतं. त्याखाली "सिंधुबाई, तेलगाव" असं मोठ्या अक्षरात लिहिलं ते काकांनीच.

दर रविवारी काकांच्या ओसरीत शौकिनांची बैठक भरायची. लिंबागणेशहून पप्पू यायचा, गावातल्या शाळेतल्या दीपमालाबाई यायच्या, आणखी चार-पाच जण. रीत ठरलेली. कॅसेट लागली की कुणी बोलायचं नाही. संपली की भांडायचं.

"ही ढोलकी आमच्या लिंबागणेशची हाय. हात वळखू येतो," पप्पू म्हणायचा.

"काय सांगतो बे! तुज्या लिंबागणेशात ताशा तरी धड वाजतो का?"

"काका, शांत ऐका. तिसऱ्या वेळेला बाई सम चुकवती, अन् ढोलकी तिची वाट बघती. हे परक्या गावच्या माणसाला जमंल का?" दीपमालाबाई.

असं दोन-दोन तास. मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू! सिंधुबाईच्या एका ओळीवर माणसं जेवायची विसरायची.

पण एक गोष्ट तेव्हाही डाचायची. गाणं संपलं की काकांचं बोट पुढं पळवायच्या बटणावर जायचं. "मधली बडबड हाय," म्हणायचे आणि मला थेट पुढच्या गाण्यावर न्यायचे. इतके कान असलेली माणसं, पण गाणं नसलेल्या जागेला त्यांचे कान नव्हते. ते अकरा सेकंद त्या ओसरीत एकदाही वाजले नाहीत.

मग आष्टीचा कुणी युवराज एका बैठकीत येऊन बसला. मोबाइल मांडीखाली चालू ठेवून त्यानं दुसऱ्याच्या कॅसेटमधलं गाणं चोरलं आणि स्वतःचं नाव लावून यूट्यूबवर टाकलं. सगळे पेटले. तेव्हापासून या शौकिनांत शिक्का मारायची पद्धत निघाली. दोन गाण्यांच्या मधे आपलं नाव आपल्याच आवाजात भरायचं, म्हणजे कुणी कॉपी काढली तरी मालक कोण ते कळावं.

काकांनी मला टेबलावर घेतलं. माझ्या मोडलेल्या पाकळ्यांच्या भोकांवर चिकटपट्टी लावली. एवढं केलं की मी पुन्हा उघडी.

दीपमालाबाई म्हणाल्या, "काका, वरिजिनलवर कशाला? कॉपी काढा अन् तिच्यावर मारा."

"अन् वरिजिनलच कुणी ढापली तर? मंग काय पुरावा?"

"आधी ऐकून तरी बघा तिथं काय हाय."

"बडबड हाय. गाण्याला धक्का बी लागू देणार न्हाई मी."

आणि खरंच, गाण्याला धक्का लागला नाही. काका घड्याळ लावून बसले होते. शेवटची थाप विरली, त्यांनी बटण दाबलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "हे दुर्मिळ ध्वनिमुद्रण कचरू वाघमारे, राहणार तेलगाव, यांच्या खाजगी संग्रहातून." बरोबर अकराव्या सेकंदाला त्यांनी बटण सोडलं. पप्पूनं टाळी दिली, "आता हात लावून दाखवा म्हणावं!"

मित्रांनो, तुमच्या अंगावर कुणी लिहिलं तर तुम्ही ओरडता. मला ओरडता येत नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्रपाली आली. आता ती बीडला नर्स आहे. ड्यूटीवरून तशीच आली होती, खांद्याला डब्याची पिशवी. पुण्याहून संजयनं तिचा नंबर शोधून तिला फोन केला होता.

"सिंधुबाईची लेक!" काका उठून उभे राहिले. स्वतःची खुर्ची दिली, चहा सांगितला. "बस माय. तुझ्या आईसारखा गळा आमी दुसरा ऐकला न्हाई."

मला लावलं. मी गायले. आम्रपाली पदराचं टोक मुठीत धरून ऐकत होती. गाणं संपलं आणि काकांचं बोट सवयीनं बटणाकडं गेलं.

"ऱ्हाऊ द्या काका. पुढं चालू द्या."

"पुढं काय न्हाई, माय. बडबड हाय."

"तीच ऐकायला आलेय मी."

काकांचा हात तिथंच थांबला. मी फिरत होते. मला थांबता येत नाही. आणि माझ्यातून आवाज आला, हे दुर्मिळ ध्वनिमुद्रण कचरू वाघमारे, राहणार तेलगाव.

आम्रपालीला आधी कळलंच नाही. "मागं घ्या जरा," ती म्हणाली. काकांनी मागं घेतलं. पुन्हा तेच. तिनं तिसऱ्यांदा मागं घ्यायला लावलं.

"हितं माजी आई मला हाक मारती, असं संजयमामा म्हणले. माइकवरून. मी रडत व्हते म्हणून."

दीपमालाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"मला ठावं नव्हतं गं," काका म्हणाले. "मी गाण्याला हात लावला न्हाई. देवाशप्पत... म्हंजी, तुझी शप्पत, गाण्याला न्हाई लावला."

"गाणं तिनं समद्यांसाठी म्हणलं, काका. माज्यासाठी तेवढंच व्हतं."

काकांनी मला बाहेर काढलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरलं. "घेऊन जा. तुझीच हाय ही. आजपासून तुझी."

तिनं माझ्याकडं पाहिलं. कागदावरच्या आईच्या नावावरून एकदा अंगठा फिरवला.

"ठिवा तुमच्यापाशीच. त्यावर नाव बी तुमचंच हाय."

चहा तसाच राहिला. ती गेली.

काकांनी त्यानंतर बैठक भरवली नाही. पप्पू म्हणतो, पुण्या-मुंबईत मशीन असतील, खालचा आवाज वर काढता येईल. येत नाही. फितीवर दुसरा आवाज भरला की पहिला खाली लपून बसत नाही, तो जातो.

मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारी, कुणाच्या माळ्यावर अशी एखादी कॅसेट असेल. मोबाइलमध्ये आजीचं, आजोबांचं काहीतरी भरलेलं असेल. आधी ते अखंड ऐका. खोकला ऐका, हसणं ऐका, भांडी पडल्याचा आवाज ऐका. कामाचं काय आणि बिनकामाचं काय हे ठरवायची घाई करू नका, कारण ते ज्याच्या कामाचं आहे तो माणूस अजून आलेला नसतो. आणि जे आवडतं त्यावर स्वतःचं नाव गोंदू नका.

सिंधुबाईचे शब्द मी तुम्हाला वर सांगितले. पण ते नुसते शब्द आहेत. "आमे" म्हणताना तिचा आवाज कसा खाली उतरला, ते मला आता म्हणून दाखवता येत नाही. त्या जागी तुम्ही मला कितीही वेळा वाजवा, कचरू वाघमारेच बोलतात.