माहेरच्या नावाचं माप

"मापल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, पोरी. ते दिसत नाही, पण डसतं."

वडिलांचा हा आवाज तिने लहानपणी ऐकला होता, बंद लोखंडी दाराच्या पलीकडून. लोखंडाच्या आरपार जाणाऱ्या किरणांवर त्यांनी जन्म घालवला आणि त्याच किरणांनी त्यांना वाळवीसारखं आतून पोखरलं. ते गेले, मग जगाने त्या किरणांच्या मापाला त्यांचं आडनाव दिलं. माणूस मातीआड गेला, नाव काट्यावर राहिलं.

आता तीही कारखान्यात तेच किरण सोडून पाइपांचे सांधे तपासायची. रोज किरण मोजणाऱ्या मापकावर माहेरचं आडनाव वाचायची. सोबतचे चिडवायचे, "काय ताई, आज माहेर किती भरलंय?" तीही हसायची.

आज कुणी हसत नव्हतं. किरण सोडणारी मटाराएवढी गोळी शिशाच्या डब्यात परतलीच नव्हती. आतल्या खोलीत, नळीत अडकून बसली होती. दाराबाहेरसुद्धा मापक टकटकत होता.

"लांब चिमट्याने ओढायची, की झालं," वस्ताद म्हणाले. "तुझ्यासारखा हात कुणाचा चालत नाही. आणि तुझ्या घरचंच तर आहे, तुला काय करणार?"

"वाघाच्या लेकीला वाघाची कसली भीती!" मागून वेल्डर म्हणाला.

तिने शिशाचा अंगरखा चढवला. पोटावर नाडी आवळताना बोटं थबकली. याआधी दोनदा तिने आनंदाने घरभर सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा कूस रिती झाली होती. म्हणून या खेपेला नवऱ्याला नाही, आईला नाही, कुणालाच नाही. ओठांवर आलं की हातचं जाईल, अशी धास्ती बसली होती.

वस्तादांनी दार जरासं उघडलं. टकटकीचा एकदम सडा पडला. तिचा पाय उंबऱ्याशी खिळला. त्या आवाजाखालून जुना आवाज आला, पोरी, ते डसतं. तेव्हाचं ते लोखंडी दार वडिलांनी तिच्यासाठी लावून घेतलं होतं. आता कुणासाठी तरी तिनेच दार व्हायचं होतं.

तिने चिमटा वस्तादांच्या हातात दिला आणि दार ओढून घेतलं.

"काय गं, घाबरलीस?"

"हो, घाबरले." तिने दाराला पाठ टेकवली. "मला तिसरा महिना लागलाय, वस्ताद."