स्वप्नालीच्या हातावरचा लाल भंडारा

कळंबच्या बिरोबाच्या देवळापुढं मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध जोतीरामची सात वर्षांची स्वप्नाली बसली होती आणि भिमा देवऋषी तिच्या तळहातावर भंडारा चोळत होता. त्यानं तांब्यातलं पाणी शिंपडलं. पिवळा भंडारा बघता बघता लालभडक झाला. बायांनी हात जोडले.

"बघा, दवाखान्याचं इख भाईर पडतंय," भिमा घुमत म्हणाला. "गोळ्यांनी रगात नासवलं, देव वडून काढतोय. आता एक बी गोळी पोटात जायची न्हाय."

गर्दीत उभ्या विजयमालाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती जोतीरामची थोरली बहीण, बारामतीत शिक्षिका. भाचीला ब्लड कॅन्सर निघाल्यापासून पुण्याच्या खेपा तिनंच घातल्या होत्या. केमोच्या गोळ्या सुरू झाल्या, तसं पोरीचं तोंड आलं, ताप हटेना, पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या. डॉक्टरांनी गोळी तात्पुरती थांबवली आणि रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं. नेमका तेव्हाच हा भिमा टपकला. पोर हिंडू-फिरू लागली आणि श्रेय यानं लाटलं. आता जोतीराम पुण्याचं नाव काढू देत नव्हता.

ती गर्दी सारत पुढं गेली आणि तांब्या उचलला.

"बाई, देवाच्या कामात हात घालू नगा."

"देवाच्या न्हाय, तुझ्या." तिनं स्वतःच्या तळहातावर भंडारा चोळला, वर पाणी ओतलं. लाल. मग भिमाचं मनगट धरून त्याच्याही हातावर तेच केलं. तोही लाल.

"आता मी आन् ह्यानं बी दवाखान्याच्या गोळ्या खाल्ल्या म्हणायच्या का?" ती गर्दीकडं वळली. "मुका मार लागला की घरी हळद-चुना लावता. तो लाल होतो, ते काय रगात असतं? ह्या तांब्यात चुन्याची निवळी हाय. भंडारा म्हंजी हळदच. पण देवाची म्हटली की तुमची डोकी गहाण."

जोतीराम खाली मान घालून म्हणाला, "आक्का, गोळी थांबली तशी पोरगी उठली. ते तर खरं हाय."

"खरं हाय. तिला गोळी जास्तच होत हुती." तिचा आवाज जरा खाली आला. "गोळीचा जोर मोडणारं एक द्रव्य आपल्या शरीरात असतं. ते किती तयार व्हायचं, हे आईबापाकडून येतं. स्वप्नालीत ते फार थोडं हाय. दुसऱ्या पोरांना सोसणारा डोस हिच्या अंगात साठत गेला. काल तपासणीचा निकाल आला. आता डॉक्टर हिला झेपंल एवढाच थोडा डोस देणार हायेत. पर गोळी कायमची सोडली, तर कॅन्सर उलटंल."

भिमा मागच्या मागं सटकू बघत होता. विजयमालानं त्याची वाट अडवली.

"लेकरू गेलं असतं तर ह्यो म्हणाला असता, देवाची मर्जी. आन् तुमी माना डोलावल्या असत्या."

जोतीरामनं लेकीचा हात आपल्या धोतरानं पुसला. लाल डाग काही निघेना. तो तसाच धरून त्यानं विचारलं, "आक्का, पुण्याची पहिली गाडी कधी हाय?"

औषध सोसत नसेल, तर ते का सोसत नाही, हे डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांनी ते शोधलं. भिमाला मात्र अख्ख्या गावात कुणी विचारलं नाही, की बाबा, तुझ्या तांब्यात काय आहे? तेवढं न विचारल्यानं एक पोर हकनाक जाणार होती.