पोडियममागचा ठोकळा

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं असेल असं वाटत नाही. मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. कॉलेजच्या सभागृहात, पोडियमच्या मागे, बोलणाऱ्याच्या पायाखाली माझी जागा. समोर बसलेल्यांना पाहुण्यांचा चेहरा दिसतो, माझ्या वाट्याला पाय येतात. पण त्याचं मला वाईट वाटत नाही. चेहरा हसरा ठेवता येतो, पायाची बोटं मात्र कुणाचं ऐकत नाहीत. भल्याभल्या वक्त्यांची बोटं पहिल्या वाक्याला माझ्यावर घट्ट आवळलेली असतात, आणि हे गुपित फक्त मला ठाऊक आहे.

माझा जन्म झाला तो एका चुकीमुळे. कॉलेजचे पहिले प्राचार्य ताडमाड उंच होते. पोडियमचं माप घ्यायला सुतारकाका आले, तेव्हा सर स्वतःच पुढे उभे राहिले आणि काकांनी त्यांच्या छातीपर्यंतचं माप धरलं. पोडियम झालं मोठं देखणं! उद्घाटनाला एक नामवंत डॉक्टरीणबाई आल्या. त्या चणीने लहान. त्या बोलायला उभ्या राहिल्या आणि लोकांना दिसला फक्त त्यांच्या केसांचा भांग. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांना राहवेना. ते म्हणाले, "आवाज येतोय, पण माणूस कुठंय?"

दुसऱ्या दिवशी काकांनी भीतभीत विचारलं, "सर, पोडियम वीतभर कापून टाकू का?" सरांच्या कपाळाला आठी पडली. मग पुढे कोण बोलणार? उरलेल्या फळ्या जोडून काकांनी मला तयार केलं. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, ते असं.

पण मी मन लावून काम केलं हो. गिर्यारोहक, शास्त्रज्ञ, कवी, कितीतरी जण माझ्यावर उभे राहून बोलले. एकदा एक वयस्कर गायिका आल्या. त्यांनी आधी चपला बाजूला काढल्या. सूत्रसंचालक म्हणाला, "अहो, असू द्या की चपला." त्या म्हणाल्या, "अरे, जो मला उचलून धरणार, त्यालाच मळवू का?" त्या दिवशी मी नुसता फुलून गेलो. स्नेहसंमेलनात तर माझी चंगळ असे. एका नाटकात मी सिंहासन, तर दुसऱ्यात विहिरीचा कठडा. एका वर्षीचा राजा असा भरभक्कम होता, की त्याच्या राज्यापेक्षा मलाच जास्त धोका होता!

माझं नशीब फिरलं ते माझ्या आवाजामुळे. मी आतून पोकळ. सभागृहाचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणतात, मला पायानेच पुढे ढकलायचे आणि मी ओरडायचो, "खर्रर्र!" कधीतरी मागच्या रांगेतून कुणीतरी त्या आवाजाला "ओऽऽ" अशी साथ दिली. सगळे हसले. झालं, तेव्हापासून तो रिवाजच पडला. ठोकळा सरकला की "ओऽऽ" आलंच पाहिजे. बुटकी माणसं बिचारी लाजून "नको, नको" म्हणायला लागली. चवड्यांवर उभी राहून बोलायची, पण मला नको म्हणायची. हळूहळू मी पडद्यामागे गेलो. माझ्यावर रंगाचे डबे आले, जुन्या वायरींची भेंडोळी आली. कोणी विचारेना.

अशातच एके दिवशी एक मुलगी येऊन माझ्यावर मटकन बसली. उंचीने एवढीशी आणि जिभेने तिखट, म्हणून सगळे तिला लवंगी म्हणायचे. ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई व्याख्यानाला येणार होत्या. लवंगीने त्यांची पुस्तकं वाचून त्यांचा परिचय लिहिला होता. पण कार्यक्रमाची व्यवस्था पाहणारे सर म्हणाले होते, "लिहिलंयस छान गं, पण वाचेल तुमच्या वर्गातला तो उंच मुलगा. तू पोडियममागे दिसणार नाहीस. फोटो बरा येत नाही." लवंगी हुंदके देत होती.

मामांनी ते ऐकलं. म्हणाले, "वेडाबाई, ठोकळा आहे ना!"

"नको मामा. सगळे ओरडतात."

"मी आधीच उचलून ठेवतो. कुणाला कळायचंसुद्धा नाही. सरांनाही मीच सांगतो."

सरांनी कसंबसं हो म्हटलं. "पण ऐनवेळी गडबड झाली तर कागद त्याच्या हातात," असंही बजावलं.

आणि गडबड झालीच. मामांनी मला पुसून, अलगद उचलून जागेवर ठेवलं होतं. पण फुलं लावणाऱ्यांना मी मध्ये आलो, म्हणून त्यांनी मला परत पडद्याआड नेलं. लवंगीचं नाव पुकारलं गेलं तेव्हा मामा सभागृहाच्या पार दुसऱ्या टोकाला माइकची वायर धरून उभे होते. लवंगी आली, पोडियममागे पाहते तर जागा रिकामी! सरांनी उंच मुलाला खूण केली. तो उठायला लागला. मला पाय असते तर मीच धावलो असतो!

लवंगीने एकदा त्या मुलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग ती सरळ पडद्यापाशी आली, माझी कड धरली आणि सगळ्यांच्या देखत मला ओढत नेलं. "खर्रर्रर्र!" इतक्या मोठ्याने मी आयुष्यात ओरडलो नव्हतो. "ओऽऽऽ!" सगळं सभागृह दणाणलं. ती माझ्यावर चढली. तिची बोटं माझ्यात रुतलीच म्हणा ना.

"झालं ओरडून?" ती म्हणाली. "बरं झालं. आता मी तुम्हाला दिसते आणि तुम्हीही मला दिसता. शेवटच्या रांगेतल्या निळ्या शर्टवाल्यांनी आता तोंड मिटावं, पाहुण्या खोळंबल्यात."

हशा पिकला, पण या वेळी तो तिच्या बाजूचा होता. ती बोलायला लागली आणि दुसऱ्यातिसऱ्या वाक्याला तिची बोटं हळूच सुटली. मला रडू आलं असतं, पण लाकडाला ते जमत नाही.

मग पाहुण्या उठल्या. मामा मला काढायला धावले, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या हो, मलाही लागणार आहे." व्याख्यान संपल्यावर त्यांनी प्राचार्यबाईंना सहज विचारलं, "हे पोडियम कुणाच्या मापाचं आहे?" प्राचार्यबाईंनी इकडेतिकडे विचारलं. त्या पहिल्या प्राचार्यांना पाहिलेलं आता तिथे कुणीच नव्हतं.

त्याच आठवड्यात सुतार आला आणि पोडियम वीतभर कापून गेला. इतक्या वर्षांचं दुखणं, अर्ध्या तासात बरं झालं! माझं काम मात्र संपलं. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटलं.

पण लवंगीने मला भंगारात जाऊ दिलं नाही. पडद्याआड, पायऱ्यांपाशी तिने मला ठेवून घेतलं. आता नाव पुकारलं जाण्याआधी बोलणारे माझ्यावर बसतात. बुटके बसतात, उंचही बसतात. परवा एक नवी मुलगी हातातला कागद चुरगाळत बसली होती. लवंगी तिच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "आधी पायाची बोटं सोड गं. मग सगळं येतं."

माझं गुपित तिला कसं कळलं, देव जाणे. मी तर कुणाला सांगितलं नव्हतं.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कुणी धडपडत वर चढत असेल, तर "ओऽऽ" करू नका. आणि वस्तू माणसाच्या मापाची नसेल, तर माणसाला लाजवू नका. वस्तू कापा.