मोक्राव्का वाचवणारा ओल्शाचा बंब

मित्रांनो, पालिकेच्या कचेरीला लागून काचेच्या दाराची एक खोली आहे. तिच्यात चार लाकडी चाकांवर उभा असलेला लाल हातबंब तुम्ही पाहिलाच असेल. तो मी. माझी शंभरी कधीच उलटून गेली. माझ्या पोटात पाण्याची टाकी आहे, टाकीत पितळेचे दोन पंप आहेत आणि वर आडवा दांडा आहे. दोन्ही बाजूंनी चार-चार जणांनी दांडा वर-खाली केला की माझं पाणी चर्चच्या मनोऱ्याच्या घड्याळापर्यंत जातं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. एकदा ते घड्याळ खरंच भिजलं होतं आणि आठवडाभर बंद पडलं होतं.

माझा जन्म वॉर्सातल्या एका कारखान्यात झाला. तेव्हा आमच्या देशावर रशियाच्या झारचं राज्य होतं. ओल्शा गावात एका उन्हाळ्यात आग लागली आणि गवताच्या छपरांवरून उड्या मारत तिने अर्धं गाव खाल्लं. उरलेल्या अर्ध्या गावाने मला विकत घेतलं. आगगाडीने मी स्टेशनापर्यंत आलो आणि तिथून घोड्यांनी मला रेताड रस्त्याने ओढत टेकाडावर आणलं. लोकांनी मला फुलं वाहिली. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं. एका म्हातारीने माझ्या चाकावर हात ठेवून विचारलं, "याला चारा लागत नाही ना?"

"नाही आजी, नुसतं पाणी," गाडीवान म्हणाला.

"मग बरा आहे. आमच्या जावयापेक्षा बरा."

त्या काळी शाळेत आणि कचेरीत झारची भाषा चाले. पण आमच्या अग्निदलाचे हुकूम आमच्याच भाषेत सुटत. दर रविवारी चर्चमधून आल्यावर माणसं पितळी टोप घालून माझ्यापुढे रांगेत उभी राहत आणि नायक मोठ्याने हुकूम देई. रस्त्यावरचे लोक तो ऐकायला थांबत. आग नसली तरी थांबत. मला तेव्हा त्याचं कारण कळत नव्हतं, पण माझी छाती फुगत असे.

आता आमचा मुलूख समजून घ्या, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. चार्नका नदीच्या एका अंगाला ओल्शा, वाळूच्या टेकाडावर. तिथे राय नावाचं धान्य आणि बटाटा पिकतो, बाकी काही धड पिकत नाही. पलीकडे सखल, ओल्या जमिनीवर मोक्राव्का. तिथे चर्च, शाळा आणि पालिकेची कचेरी. ते आम्हाला 'वाळूखाऊ' म्हणत आणि आम्ही त्यांना 'बेडूक'. मधे नदीकाठचं मोठं कुरण होतं. ते कुणाचं, यावर आजोबा भांडले, मुलगे भांडले आणि नातवांनीही बाह्या सावरल्या होत्या.

देश स्वतंत्र झाल्यावर काही वर्षांनी त्या कुरणाचा निकाल लागला. पालिकाप्रमुख होता कास्पेर झारेम्बा, मोक्राव्काचाच. कुरण मोक्राव्काला मिळालं. त्याच वसंतात पुराने लाकडी पूल वाहून गेला. तो बांधायला ओल्शाचं कुणी गेलं नाही आणि मोक्राव्काने बोलावलंही नाही. नदी मधे तशीच वाहत राहिली.

मग जुलै आला. कुरण गेल्यामुळे आमच्या माणसांना गवत कापायला दूरच्या दलदलीकडे जावं लागलं. गाड्या गेल्या, घोडे गेले, अग्निदलही गेलं. गावात राहिल्या बायका, म्हातारे आणि दुभती जनावरं. दुपारी मोक्राव्कावर धूर दिसला. आधी पांढरा, मग काळा. म्हाताऱ्या हिलारीकाकांनी बिगूल फुंकला, पण दलदलीपर्यंत त्याचा आवाज पोचणार नव्हता.

मोक्राव्काकडे बंब नव्हता. बायका माझ्या पडवीपुढे जमल्या. अग्निदलाच्या नायकाची बायको तेक्ला दार उघडू लागली.

"कुठे निघालीस?" ब्रोन्या नावाच्या शेजारणीने तिला अडवलं. ब्रोन्याची तीन जनावरं त्या कुरणावर वाढली होती. "जळू दे की. आमचं कुरण ओढून घेताना आमची आठवण झाली होती का त्यांना?"

खरं सांगू, पुष्कळजणींच्या मनात तेच होतं.

तेक्ला म्हणाली, "ब्रोन्या, तुझ्या धाकटीला बाप्तिस्मा कुठे दिलास?"

"तिथल्या चर्चात. दुसरं आहे कुठे?"

"आणि तुझी आई कुठे पुरलीय?"

ब्रोन्याने पाठ फिरवली. ती तरातरा घरी गेली. सगळ्यांना वाटलं, रागावून गेली. थोड्या वेळाने ती आपल्या दोन गाई घेऊन आली. "घोडे नाहीत," ती म्हणाली. "ही लाल मारकी आहे, तिला बाहेरच्या अंगाला जुंपा."

असा मी, वॉर्साचा बंब, गाईंच्या मागे निघालो. टेकाड उतरताना बायकांनी मला मागून दोरांनी धरून ठेवलं, नाहीतर मी गाईंच्या अंगावर गेलो असतो. नदीत पायी ओलांडण्याजोगा उतार होता, पण खाली वाळू होती. मधोमध माझं पुढचं चाक रुतलं. पाणी आसापर्यंत आलं. गाई थबकल्या. लाल गाईने शिंगं हलवली आणि ती तिथेच उभी राहिली. बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरून मला ढकलत होत्या. मी हलेना. समोर ज्वाळा दिसत होत्या, माझं पोट रिकामं होतं आणि मी नदीत उभा होतो. एवढी लाज मला कधी वाटली नाही.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून माणसं धावत आली आणि कपड्यांनिशी पाण्यात शिरली. सगळ्यांत पुढे कास्पेर झारेम्बा होता. काजळीने तोंड काळं झालेलं. त्याने माझा दांडा धरला आणि समोर बघितलं, तर दुसऱ्या टोकाला ब्रोन्या.

"बघतोस काय?" ती म्हणाली. "ओढ ना, बेडका."

तो ओढू लागला. पुढून मोक्राव्का, मागून ओल्शा. वाळूने मला सोडलं.

मोक्राव्कात पोचलो तेव्हा सात घरं गेली होती. वारा चर्चच्या दिशेने होता. चर्च लाकडाचं, त्याला लागून शाळा. माझ्यापासून नदीपर्यंत बादल्यांची रांग लागली. दांड्याला एका बाजूला आमच्या चौघी आणि दुसऱ्या बाजूला त्यांचे चौघे. हिलारीकाका हाताने ताल देत होते. तेक्लाने नळीचं तोंड धरलं. पाण्याच्या दाबाने ती पहिल्यांदा मागे पडली, उठली आणि पुन्हा उभी राहिली. तिने आगीवर पाणी मारत वेळ घालवला नाही. चर्चचं आणि शाळेचं छप्पर ती भिजवत राहिली. ठिणग्या येत होत्या आणि विझत होत्या. घड्याळ भिजलं ते तेव्हाच.

झारेम्बाचं कोठार जळत होतं. तो एकदाच म्हणाला, "तेक्लाबाई, जरा इकडे..."

"कोठार पुन्हा बांधता येईल," ती वळूनही न बघता म्हणाली. "दांडा सोडू नका."

त्याने सोडला नाही. कोठार जळून खाली बसलं, चर्च आणि शाळा उभीच राहिली आणि आगीला पुढे जायला वाट उरली नाही.

संध्याकाळी मोक्राव्काच्या बायकांनी उकडलेले बटाटे आणि आंबट दूध आणलं. सगळे माझ्याच भोवती गवतावर बसले. झारेम्बा तेक्लासमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"कुरणाचं पुन्हा बोलू," तो म्हणाला.

"आधी पुलाचं बोला. माझ्या गाई रोज नदीत उतरणार नाहीत," ब्रोन्या मधेच म्हणाली.

पूल शरदाच्या आत झाला, दोन्ही काठांवरून. कुरणाची वाटणी व्हायला मात्र आणखी दोन हिवाळे लागले आणि त्यातही शिव्यागाळी झाली. माणसं ती माणसंच. पण पुढे ओल्शाच्या कुठल्याही लग्नात मोक्राव्काचा बाजा वाजू लागला. 'गाईंचा बंब' म्हणून मला चिडवणारेही होते. मला ते नाव माझ्या लाल रंगाइतकंच आवडतं.

नंतर मोठं युद्ध आलं. परके सैनिक चर्चची घंटा घेऊन गेले. पितळ असेल ते सगळं नेत होते. तेव्हा तेक्लाने आणि झारेम्बाच्या सुनेने माझे पंप काढून बटाट्यांच्या खड्ड्यात पुरले. सैनिकांना मी नुसतं लाकूड आणि पत्रा दिसलो. युद्ध संपल्यावर माझ्या पोटात पंप परत आले, पण घंटा परत आली नाही.

मग इंजिनाचा पंप आला. ते बरंच झालं, आगीपुढे हट्ट करू नये. मला एका कोठारात ढकललं. कोंबड्या माझ्या टाकीत अंडी घालू लागल्या. मधल्या काळात पालिका मोडली, तिचे तुकडे झाले, नवी नावं आली, मग काही वर्षांनी ती पुन्हा जुळली. मला यातलं काही कुणी सांगितलं नाही. छपरातून गळणाऱ्या पाण्याने माझा रंग उडाला आणि आसाला गंज चढला. एक माणूस मला भंगारात न्यायला आला. तेव्हा कोठाराच्या दारात मोक्राव्काच्या निवृत्त शिक्षिका वान्दाबाई उभ्या राहिल्या.

"तुमचं गाव पलीकडचं," तो माणूस म्हणाला. "बंब ओल्शाचा आहे."

"माझी शाळा याने वाचवली," वान्दाबाई म्हणाल्या. "आता बोला, कुणाचा आहे?"

त्यांनी दोन्ही गावांतल्या माणसांना बोलावलं. सुताराने चाकं दुरुस्त केली, लोहाराच्या पोरीने आस घासला आणि पालिकेने मला ही काचेच्या दाराची खोली दिली. आता दर मे महिन्यात, अग्निदलाचा पाठीराखा संत फ्लोरियान याच्या सणानंतर, जुन्या हातबंबांच्या शर्यतीला मी जातो. माझ्या दांड्याला आठ बाया असतात, अर्ध्या वाळूखाऊ, अर्ध्या बेडूक. कोण कुठली, हे मला आता ओळखू येत नाही. आम्ही दरवेळी जिंकतो असं नाही, पण पाणी अजून घड्याळापर्यंत जातं.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती. गावात जे सगळ्यांचं असतं, त्याच्यावर पहिली धूळ बसते, कारण प्रत्येकाला वाटतं की पुसायची पाळी दुसऱ्याची आहे. तुमच्या गावातही असं काहीतरी असेल. विहीर असेल, पायवाट असेल, शाळेची घंटा असेल. ते कुणी आणलं, त्याच्यासाठी कोण पाण्यात उतरलं, हे म्हाताऱ्यांना विचारून घ्या. आणि विचारायला जाताना हातात थोडं तेल आणि फडकं असू द्या.